उचगावात चाखलेली कडू बिअर

कोल्हापूरहून आल्यावर नाशिकमध्ये ज्यानं त्यानं मला एकच विचारलं, "काय काय खाल्लंस?" मी मिसळ सांगितली, गव्हाची हुग्गी सांगितली, शेजारच्या काकूंना नव्या चपला दाखवल्या. कशासाठी गेले होते ते मात्र फारसं कुणाला सांगितलं नाही. मी एक बिअर चाखायला गेले होते. ती चांगली की वाईट एवढं सांगायचं आणि परत यायचं, असं काम होतं.

तसं हे माझं रोजचंच काम. बिअर आणि वाइन चाखून त्यांचे गुणदोष सांगायचे, यावर माझं पोट चालतं. आई नातेवाइकांत अजून "ती लॅबमध्ये असते" असं सांगते आणि मीही ते दुरुस्त करत नाही. या कामासाठी मी पुष्कळ फिरले आहे. पण या खेपेची बिअर बसूची होती.

बसू म्हणजे बसवराज. पुण्यातल्या एका बिअरच्या कारखान्यात आम्ही दोघं बरोबरच नोकरीला लागलो. तो कोल्हापुरातल्या मसाल्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा. लिंगायताचं घर, स्वयंपाकघरात अंडंसुद्धा कधी आलेलं नाही, आणि हा मुलगा बिअर बनवायला निघालेला. त्याचं नाक मी पाहिलेल्या सगळ्या नाकांत चांगलं होतं. टाकीच्या झाकणाशी नुसता उभा राहून तो आतल्या यीस्टला आज काय खुपतंय ते सांगायचा. पुढं मी नाशिकला परत आले आणि तो कोल्हापूरला. शाळेतल्या मित्राबरोबर, अजितबरोबर, त्यानं उचगावच्या बाजूला हायवेलगत स्वतःची छोटी ब्रुअरी काढली. मागं टाक्या, पुढं टेबलं, तिथंच बनवायची आणि तिथंच विकायची. त्याच्या इंडिया पेल एलसाठी पुण्याची माणसं गाडी वाकडी करून थांबत.

इंडिया पेल एल ही बिअरची एक कडवट जात. नावात इंडिया असलं तरी जन्म विलायतेतला. इथल्या गोऱ्या साहेबांसाठी ती जहाजातून यायची आणि वाटेत नासू नये म्हणून तिच्यात हॉप्स जास्त घालायचे, असं सांगतात. हॉप्स म्हणजे वेलीवर येणारी हिरवी बोंडं. ती सुरुवातीला उकळली की बिअरला कडूपणा येतो आणि शेवटी घातली की वास येतो. चांगल्या पेल एलमध्ये वास आधी भेटतो, कडू मागून येतं. बसूच्या बिअरला संत्र्याची साल सोलताना उडतो तसा वास होता, आणि त्याच्यामागं आंब्याच्या देठाजवळच्या चिकाचा.

जानेवारीत अजितचा फोन आला. "ताई, बिअर कडू व्हायल्या दिवसेंदिवस. गिऱ्हाईक ग्लास अर्धा ठेवून उठतंय. दुसरा ब्रुअर बघूया म्हटलं तर बसू ऐकत न्हाय. शेवटी म्हणाला, शुभाला बोलव. ती म्हणंल ते." मी रजा टाकली आणि निघाले.

शुक्रवार, स्टँडपासून उचगाव

स्टँडवर दोघंही आले होते. बसू वाळला होता, पण हसणं तेच. अजित आडदांड, मोठ्यानं बोलणारा. त्यानं माझी बॅग हातातून जवळजवळ ओढूनच घेतली आणि म्हणाला, "आधी मिसळ. पावणं उपाशी न्यायचं न्हाय आमच्यात."

मी नको म्हणायला हवं होतं. चाखायच्या दिवशी आम्ही तिखट खात नाही, चहासुद्धा टाळतो. पण समोर ताट आलं आणि मी नाशिककर असल्याचा अभिमान आडवा आला. आमच्याकडे मिसळीबरोबर पापड, दही आणि पाव, रस्सा आपल्या हिशेबानं घ्यायचा. इथं जाड स्लाइस ब्रेड आणि वरून ओतलेला कट. चौथ्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आणि जिभेतून जाळ. अजित मालकाकडे वळून म्हणाला, "कट आणा की आणि जरा, ताई नाशिकच्या हायत." जिभेवर पुढं संध्याकाळपर्यंत काही उमटणार नव्हतं. चाखण्याचं काम शनिवारी सकाळवर गेलं.

बसू मात्र तो कट वाटीनं प्यायला. पूर्वी तो आमच्यात सगळ्यात कमी तिखट खायचा, जीभ सांभाळायचा. मला नवल वाटलं.

अजित स्कूटरवरून पुढं गेला आणि मी बसूच्या गाडीत बसले. शहर मागं पडलं तसे दोन्ही बाजूंना उसाचे फड लागले. एका वळणाशी त्यानं गाडी हळू केली आणि काच खाली घेतली.

"वास आला?" त्यानं विचारलं.

आला होता. जवळ कुठंतरी गुऱ्हाळ चालू होतं. उकळत्या रसाचा गोड, किंचित जळका वास गाडीत भरला. मी तसं सांगितलं.

"काकवी उतरलीया का अजून पातळ हाय?"

"काकवीच्या जवळ असेल. का, तुला काय वाटतं?"

त्यानं काच वर केली. "मला वास येत न्हाय, शुभा."

मला वाटलं सर्दी झाली असेल. तो समोर रस्त्याकडे बघत सांगत राहिला. गेल्याच्या आधीच्या पावसाळ्यात गगनबावड्याच्या रस्त्याला मोटारसायकल घसरली. डोक्याला मागून मार बसला, हेल्मेट होतं म्हणून जीव वाचला. शुद्धीवर आला, हातपाय शाबूत, सगळे म्हणाले देव पावला. दवाखान्यातून घरी आल्यावर बायकोनं, गिरिजानं, पुढ्यात भाकरी आणि मेथीची भाजी ठेवली आणि त्याला ती पुठ्ठ्यासारखी लागली. डॉक्टर म्हणाले, नाकाकडून मेंदूकडे जाणारे बारीक धागे तुटलेत. जुळायचे असले तर वर्षाच्या आत जुळतात.

"आणि वर्ष झालं?"

"झालं की. मीठ कळतंय, गोड कळतंय, आंबट कळतंय. तिखट झोंबतंय. आणि कडू कळतंय. बाकी काय न्हाय."

"अजितला माहीत आहे?"

"न्हाय. घरात गिरिजाला आणि अप्पांना तेवढं. तू बी सांगू नको. आधी बिअर बघ. हात बसलाय माझा, शुभा. कुठं किती हॉप्स, कवा, किती गरम, सगळं पाठ हाय मला. नाकाशिवाय हुतंय का न्हाय, एवढंच बघून सांग."

मी हो म्हणाले. बिअर कडू का होत चालली असेल ते मला त्याच क्षणी कळलं होतं. त्याच्यापर्यंत पोहोचणारी ती एकच चव होती. ती पोहोचेपर्यंत तो हॉप्स टाकत होता.

लक्ष्मीपुरी

उतरायची सोय बसूच्या घरी होती. लक्ष्मीपुरीत खाली अप्पांचं, म्हणजे त्याच्या वडिलांचं, मसाल्याचं दुकान आणि वर घर. रस्त्यावरच शिंका सुरू होतात. सुकी मिरची, धणे, खोबरं, तीळ, आणि या सगळ्याच्या खाली दगडफुलाचा मातकट वास. जिन्यावर पाऊल ठेवलं आणि मला पहिल्यांदा खरं वाईट वाटलं. लहानपणापासून या वासात वाढलेला माणूस रोज हा जिना चढतो आणि त्याला तो भिंतीसारखा मुका लागतो.

अप्पा कपाळाला विभूती लावून गल्ल्यामागं बसले होते. पंच्याहत्तरीचे असतील, ताठ, मोजकं बोलणारे. मी कशाला आले आहे ते त्यांना माहीत होतं. त्या धंद्याचं नाव ते तोंडानं घेत नाहीत, "हायवेचं काम" म्हणतात. मला म्हणाले, "या पावणं. प्रवास बरा झाला? वर जावा, गिरिजा वाट बघायल्या."

गिरिजा निपाणीकडची. माहेरी कानडी आणि सासरी मराठी, दोन्ही एकाच वाक्यात. कोल्हापुरात बायका बोलताना "मी जातो", "मी करतो" म्हणतात हे मी ऐकलं होतं, पण घरात ऐकायला वेगळंच वाटलं. "ताई, हातपाय धुवा, मी ताट करतो," म्हणाली आणि कडेवरची मुलगी माझ्याकडे दिली. मुलीचं नाव अक्षता, सगळे चिन्नी म्हणतात. अपघातानंतर काही महिन्यांनी जन्मलेली, अजून धड उभी राहत नव्हती.

जेवायला ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी, आणि पाहुणी म्हणून हुग्गी केली होती. ही गव्हाची दाट खीर. गूळ, खसखस, सुंठ आणि वरून तूप. आमच्याकडे गव्हाची खीर पातळ असते, दूध जास्त. हिला चमचा उभा राहतो. मी दोनदा घेतली. बसूनं वाटी संपवली आणि म्हणाला, "गोड झालीया." गिरिजा त्याच्याकडे बघत होती. नंतर भांडी आवरताना ती मला म्हणाली, "पयलं वेलदोडा जास्त पडला, जायफळ कमी पडलं, सगळं सांगायचे. मला राग यायचा तेचा. आता काय बी वाढा, गोड झालीया न्हायतर तिखट झालीया."

चिन्नी माझ्या खांद्यावर झोपली. तिच्या टाळूला तेलाचा, दुधाचा आणि घामाचा वास येत होता. बसू दारात उभा राहून आमच्याकडे बघत होता. मग त्यानं अगदी सहज विचारलं, "कसा येतोय तिचा वास?"

माझं कामच वासाला शब्द देण्याचं आहे. मी किती तऱ्हेच्या वासांना नावं दिली असतील. तरी "तान्ह्या बाळांना येतो तसाच," मी म्हणाले.

"गिरिजा बी असंच सांगती," तो म्हणाला आणि आत गेला.

शनिवार, ब्रुअरी

चाखायची वेळ सकाळची. तेव्हा जीभ आणि नाक दोन्ही ताजी असतात. ब्रुअरीचा हॉल रिकामा होता, खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या. मी पुण्याहून दोन ठिकाणच्या पेल एल मागवून घेतल्या होत्या. बसूची एक आणि त्या दोन, अशा तीन बिअर अजितला मी आत जाऊन एकसारख्या ग्लासांत ओतायला सांगितल्या. कोणती कुणाची ते फक्त त्याला माहीत. नावं माहीत असली की माणूस प्रेमानं चाखतो, आणि प्रेमानं चाखलेल्याचा उपयोग नसतो. बसूला ते पटलं. तो म्हणाला, "माझ्यापुढं बी तिन्ही ठेव. मी बी चाखतो."

पहिल्या ग्लासाचा रंग पातळ मधासारखा, फेस बारीक आणि टिकणारा. ग्लास तळहातानं झाकून फिरवला, हात काढला आणि लहान लहान श्वास घेतले. मोसंबीची साल, थोडा गवती चहा. घोट घेतला. वाइन थुंकून टाकता येते, बिअर गिळावीच लागते, कारण तिचा कडूपणा गिळल्यावर जिभेच्या मुळाशी कळतो. इथं तो आला आणि सभ्य माणसासारखा निघून गेला. चांगली बिअर.

दुसऱ्या ग्लासाचा रंग किंचित गडद, तांब्याकडे झुकणारा. फेस सुंदर. हात काढला आणि मी थांबले. जुन्या चीजचा वास, दिवसभर बुटात राहिलेल्या मोज्याचा. परत घेतला. तोच. हॉप्स शिळे झाले, त्यांना हवा लागली किंवा ते उष्णतेत राहिले की असा वास येतो. पाकीट उघडताक्षणी नाकाला कळतं, असे हॉप्स टाकीपर्यंत जातच नाहीत. मग घोट घेतला. कडू. कडुलिंबाची काडी चावावी तसं, आणि गिळल्यावर ते वाढत गेलं, घशाशी चिकटून बसलं. मी पाणी प्यायले, ब्रेडचा तुकडा खाल्ला, तरी गेलं नाही.

तिसरा ग्लास साधा होता, जरा गोडुस, पण निर्दोष.

मी वर बघितलं. बसू तिन्ही ग्लासांतून दोन दोन घोट घेऊन बसला होता. आधी त्यानं बोलायचं असं ठरलं होतं.

"तिसरी कुणाची तरी नवख्याची हाय. दुसरी जोरदार हाय, कडू नीट बसलंय." त्यानं पहिला ग्लास उचलला. "ही माझी. उजेडात रंग बघ. हाच रंग धरलाय मी."

अजित आतल्या दारात उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मला विचारायची गरज राहिली नाही.

"अजित, सांग की," बसू म्हणाला.

"दुसरी तुझी हाय, बसू."

बसूनं दुसरा ग्लास जवळ ओढला.  मग मला म्हणाला, "काय आलं तुला हिच्यात? खरं सांग. मन राखू नको माझं."

गाडीत त्यानं सांगितल्यापासूनच्या बावीस तासांत मनात किती वाक्यं तयार केली होती, सौम्य, आडवळणाची. त्यातलं एकही वापरता येईना. तो माझा मित्र होता, पण त्यानं मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. मी सांगितलं, "हॉप्स शिळे होते. चीजचा वास येतो आहे. आणि कडूपणा एवढा आहे की तो वास झाकण्यासाठी घातलाय असं वाटावं. ही विकता येणार नाही."

"फ्रीज बंद पडलाता दिवाळीत," अजित हळूच म्हणाला. "दोन दिवस. पाकिटं त्यातच हुती. पण तू बघून वापरली असशील म्हणून..."

बसूनं ग्लास नाकाशी धरला. डोळे मिटले, जसे तो पूर्वी मिटायचा, आणि लांब श्वास घेतला. परत घेतला. "काच गार लागती," तो म्हणाला. "बाकी काय न्हाय."

मग त्यानं अजितला सगळं सांगितलं. मी उठून बाहेर जाणार होते, त्यानं हातानं थांबवलं. अजित ऐकत राहिला. त्याचा आवाज एरवी पलीकडच्या पेट्रोल पंपापर्यंत जातो, त्या वेळी मला तो जेमतेम ऐकू आला.

"वर्षभर सांगितलं न्हाईस मला."

"काय सांगू? तू घर गहाण टाकून हे उभं केलंस ते माझ्या नाकावर."

"नाकावर न्हाय केलं, खुळ्या. तुझ्यावर केलं."

 हायवेवरून ट्रक जात होते आणि टेबलावरचे ग्लास बारीक थरथरत होते.

टाकी रिकामी करायची ठरली. उत्पादन शुल्क खात्यातल्या माणसाला अजितनं फोन केला, तो दुपारी येऊन बघून गेला, सही झाली. खालचा व्हॉल्व्ह अजित उघडणार होता. बसू म्हणाला, "सरक. माझी हाय ती." त्यानं खाली बसून चाक फिरवलं. तांबूस बिअर फरशीवर आली, फेसाळत गटाराकडे निघाली आणि हॉल वासानं भरून गेला. त्या शिळ्या वासाच्या खाली कुठंतरी संत्र्याची साल होती. पुण्यात ओळखायचे ती, बसूची. थोडीच, पण होती. मी अजितकडे बघितलं, त्यालाही ती आली असावी, कारण त्यानं तोंड फिरवलं. खात्याच्या माणसानं रुमाल नाकाला लावला. त्या खोलीत वास न आलेला माणूस एकच होता, आणि तो ओल्या फरशीवर उकिडवा बसून बिअर संपेपर्यंत बघत राहिला.

पंचगंगा

संध्याकाळी आम्ही दोघं घाटावर गेलो. पाणी संथ होतं, पायऱ्यांवर बायका धुणी आवरत होत्या, एक म्हातारा म्हशीला घासत होता. गोदावरीच्या घाटावर आमच्याकडे सतत कुणाचं तरी काहीतरी कार्य चालू असतं. इथं माणसं नुसती येऊन बसलेली दिसतात. बसू पाण्यात पाय सोडून बसला.

मी म्हणाले, "मी दुसरं काही सांगायला हवं होतं का?"

"न्हाय. मला म्हाईत हुतं की. पाच-सहा महिने झाले, म्हाईत हाय." त्यानं पाण्यातले पाय हलवले. "कुणीतरी म्हणायला पायजे हुतं."

थोड्या वेळानं तो म्हणाला, "नाक जाणार म्हणजे काम जाणार एवढंच वाटलंतं मला. पण शुभा, घर बी जातंय. अप्पांच्या सदऱ्याचा वास, गिरिजाच्या केसांचा. ते आठवतंय मला अजून, डोळे मिटले की थोडं थोडं येतंय. चिन्नीचं आठवायला बी काय न्हाय. ती आली तवा माझ्याकडं नाकच नव्हतं."

 पलीकडच्या काठावर कुणीतरी पालापाचोळा पेटवला होता, धूर पाण्यावरून आमच्याकडे येत होता. त्यानं धूर बघितला आणि डोळे चोळले.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते. ब्रुअरी बंद पडली नाही. अजितनं बेळगावची एक मुलगी ब्रुअर म्हणून आणली. टाक्यांचं वेळापत्रक, यंत्रं, माल मागवणं हे बसू बघतो. पेल एल त्यांनी फळ्यावरून काढून टाकली आहे. ती मुलगी म्हणाली, करून बघते. बसू म्हणाला, कर, पण दुसऱ्या नावानं कर. परवा आम्ही फोनवर बोललो तेव्हाही वास आलेला नव्हता. येईल असं आता डॉक्टरही म्हणत नाहीत.

रविवार, परत लक्ष्मीपुरी

माझी गाडी सकाळचीच होती. आवरून खाली आले तर दुकानाची अर्धी फळी उघडी होती. आत अप्पा आणि बसू समोरासमोर बसले होते. मधे पितळेचे छोटे डबे. बसूचे डोळे मिटलेले. गिरिजा चिन्नीला घेऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. मला बघून तिनं बोट ओठांवर ठेवलं.

"रोज करतात," ती कानात म्हणाली. "अपघात झाल्यापास्नं. डॉक्टरनं सांगितलंतं, ओळखीचे वास रोज द्या. बाकी समद्यांनी सोडलं, अप्पा सोडत न्हाईत."

अप्पांनी एका डब्यातून चिमूटभर काहीतरी काढलं, बोटांत चुरडलं आणि मुलाच्या नाकाशी धरलं. दुसरा हात त्याच्या पाठीवर होता. "घे. सावकाश."

बसूनं श्वास घेतला. "न्हाय."

दुसरा डबा. "हे?"

"न्हाय, अप्पा."

अप्पांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्यांनी तिसरा डबा उघडला. आदल्या दिवशी टाकी उघडली त्याबद्दल घरात कुणी एक शब्द काढला नव्हता. रात्री जेवताना अप्पांनी एवढंच विचारलं होतं, "हायवेचं काम झालं?" आणि बसू "झालं" म्हणाला होता. त्यावर अप्पांनी स्वतःच्या ताटातली अर्धी भाकरी त्याच्या ताटात ठेवली होती.

"आता हे बघ," अप्पा म्हणाले.

मी जिन्यावरून बघत होते. त्यांच्या बोटांत वेलदोडा होता, सोललेला, दाणे चुरडलेले. मला त्याचा वास जिन्यापर्यंत येत होता. बसूनं श्वास आत घेतला, आणि या वेळी परत एकदा घेतला. मिटल्या डोळ्यांनी त्यानं वडिलांच्या हाताकडे तोंड केलं आणि म्हणाला, "लवंग. लवंग हाय न्हवं? थोडी आली."

गिरिजानं माझा दंड धरला.

अप्पांनी आपल्या बोटांकडे बघितलं. मग वेलदोड्याचे दाणे डब्यात टाकले, झाकण लावलं आणि तो डबा इतरांच्या मागं सरकवला.

"व्हय," ते म्हणाले. "लवंगच हाय."